पुतण्याचा घोडा

ओयदिनच्या लग्नाच्या दुलयांत आम्ही कापूस भरत होतो तेव्हाची गोष्ट. मार्च महिना होता, अंगणात ऊन आलं होतं आणि आम्हा सगळ्या बायकांच्या केसांत, भुवयांत कापूस अडकला होता. भिंतीपलीकडे नवरीच्या बापाची, मामूरजानची, तांदूळ सडायची गिरणी धडधडत होती. आणि जिचं लग्न, ती मुलगी जर्दाळूच्या झाडाखाली मांडीवर वही घेऊन इंग्रजी घोकत होती.

मी यांची शेजारीण, सोजिदा. उझगेन शहरातल्या या मोहल्ल्यात दुलया शिवायला मला बोलावतात आणि निकाहच्या वेळी नवरीजवळ बसायलाही मलाच बोलावतात. नवरीजवळ बसणाऱ्या बाईला आमच्यात यांगा म्हणतात. तीस वर्षांत किती नवरीमुलींचे हात हातात घेऊन बसले असेन, त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. ठेवला असता तर आज लाज वाटली असती.

"सोजिदा ओपा, एक गोष्ट सांगू? आज वर्गात झाली," ओयदिन म्हणाली. ओपा म्हणजे आमच्यात मोठी ताई.

"सांग की. पण आधी हे टोक धर, नुसती राणीसारखी बसू नकोस."

ती उठली, टोक धरलं आणि सांगू लागली. "विलायतेत एक काका होता. त्याला पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. त्याने पत्र पाठवलं, की तुझ्याकडून काही कळलं नाही, तर घोडा माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने काही उत्तरच धाडलं नाही."

"मग झाला की घोडा काकाचा."

"नाही ना! कोर्ट म्हणालं, गप्प राहिला म्हणजे हो म्हणाला असं होत नाही. सायलेन्स इज नॉट ॲक्सेप्टन्स." हे वाक्य तिने तीनदा म्हटलं, कारण शेवटच्या शब्दाशी तिची जीभ अडखळत होती.

तिची आई तुर्सुनॉय हसायला लागली. "म्हणजे त्यांच्याकडे घोड्यासाठीसुद्धा विचारावं लागतं?"

"आणि मला इथे आणलं तेव्हा कुणी विचारलं होतं गं?" मी म्हणाले. सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. आता ते हसू आठवलं, की तोंड कडू होतं.

ओयदिन ओश शहरातल्या कॉलेजात कायद्याच्या पहिल्या वर्षाला होती. रोज पहाटेची व्हॅन पकडून जायची. आमच्या शाळेत इंग्रजी म्हणजे फळ्यावरची चार गाणी, आणि तिथे एकदम कोर्टकचेरीचं इंग्रजी पुढ्यात आलं. पहिल्या चाचणीत वीसपैकी तीन गुण मिळाले. रडत घरी आली. मग तिने चिठ्ठ्या करायला सुरुवात केली. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द लिहायचा आणि ती चिठ्ठी बापाच्या गिरणीतल्या पोत्याला टोचायची. पोतं विकलं गेलं, की तो शब्द पाठ झालेला असला पाहिजे, असा तिचा नियम होता.

दादांना, म्हणजे तिच्या वडिलांना (आमच्यात बापाला दादाच म्हणतात), या गोष्टीचं कोण कौतुक! संध्याकाळी चहाला बसले की मामूरजान विचारायचा, "काय वकीलबाई, आजचा शब्द?" एकदा तिने सांगितलं, "नल अँड व्हॉइड. रद्दबातल. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण कायद्यात दोन्ही मिळूनच लिहितात."

"इंग्रजांना एकदा सांगून पटत नाही वाटतं," मामूरजान म्हणाला. तेव्हापासून किडका तांदूळ निघाला, की तो गिरणीतून ओरडायचा, "हे पोतं नल अँड व्हॉइड!" आमच्याकडच्या लाल तांदळाच्या भुशाने लाल झालेले त्याचे हात, डोक्यावरची टोपीही लाल, आणि तोंडात विलायती कायदा. सगळी गल्ली हसायची. असा बाप आपल्याला असता तर, असं मला कितीदा वाटलं आहे.

तिच्या कायद्याच्या इंग्रजीच्या बाई मुकद्दस ताहिरोव्ना. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं, जे वाचलं नाही त्यावर सही नाही. ओयदिनने ते वाक्य घरोघर पोचवलं. रशियाला कामाला जाणारी पोरं करारनामा घेऊन तिच्याकडे यायची. ती बोट ठेवून ओळ न ओळ वाचायची. समोरच्या घरच्या पोराला तिने एकदा सही करू दिली नाही, कारण पासपोर्ट मालकाकडे राहील असं तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं. त्या पोराची आई अजून तिला दुवा देते.

सोयरीक जानेवारीत ठरली होती. नदीपलीकडची राबिया आपल्या मुलासाठी, जावलोनसाठी, मागणी घेऊन आली. मुलगा बरा होता, टायरच्या दुकानात काम करायचा. ओयदिनने बापाला एकच सांगितलं होतं, "माझं शिक्षण पुरं होणार असेल तर माझी ना नाही." राबियाने मोहल्ल्यातल्या सात पांढऱ्या दाढ्यांसमोर, वडीलधाऱ्यांसमोर, सांगितलं, "शिकू द्या की! पाचही वर्षं शिकू द्या. घरात वकील सून आली तर इज्जत आमचीच वाढेल." मग दोन नान एकावर एक ठेवून मोडल्या. नान मोडली की शब्द दिला गेला. पडद्याआडून ओयदिनने हे सगळं ऐकलं आणि माझ्या गळ्यात पडली.

दुलया भरून झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात मामूरजान एक कागद घेऊन स्वयंपाकघरात आला. ओयदिन पीठ मळत होती. मी दारात लसूण सोलत होते.

"गिरणीच्या विजेचा अर्ज आहे. घरातल्या मोठ्या माणसांच्या सह्या मागतात," तो म्हणाला.

"ठेवा दादा, हात धुऊन वाचते."

"माणूस दारात उभा आहे गं. इथेच कर. मी धरतो, नाहीतर पीठ लागेल." त्याने कागदाचा वरचा भाग दुमडून हातात धरला आणि पेन पुढे केलं. तिने बोटं ओढणीला पुसली, सही केली आणि पुन्हा परातीकडे वळली.

परक्यांचा एकेक कागद बोट ठेवून वाचणारी मुलगी! पण बापाच्या हातातला कागद कोण वाचतं? आमच्याकडे तर बापाकडे कागद वाचायला मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं.

लग्न शनिवारी होतं. त्याआधीच्या बुधवारी कॉलेजात परीक्षेची यादी लागली आणि तिचं नाव यादीत नव्हतं. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं.

मुकद्दस ताहिरोव्नांनी तिला व्हरांड्यात पाहिलं आणि दचकल्याच. "तू इथे कशी? तू तर वर्षाची रजा घेतलीस ना?"

"मी? नाही बाई."

"अर्ज आलाय तुझा. घरगुती कारण लिहिलंय. मला वाटलं, मला सांगायला तुला जड गेलं असेल."

बाई तिला कचेरीत घेऊन गेल्या. कारकुनाने फाइल काढली. अर्ज तिच्या नावाचा होता, खाली सहीही तिचीच होती. मजकुराचं अक्षर दादांचं. पोत्यांवर तारखा घालताना ते सातच्या आकड्याला आडवी रेघ मारतात, तशी रेघ अर्जातल्या तारखेलाही होती. आणि सहीच्या बाजूला वाळलेल्या पिठाचा ठिपका होता. ती त्या ठिपक्याकडे बघतच राहिली.

"अजून शिक्का बसलेला नाही, सोमवारी बसेल," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता लिही, हा अर्ज मी मागे घेते. घे कागद."

"आधी दादांना विचारते. काहीतरी चूक झाली असेल."

"ओयदिन, सही करण्याआधी वाचायचं, एवढं मी शिकवलं. घरच्या माणसाचं कसं वाचायचं, ते मलाही येत नाही बघ. जा, विचार. पण सोमवार विसरू नकोस. त्यानंतर वर्ष गेलं, आणि आपल्याकडे मुलीचं गेलेलं वर्ष परत येत नाही. मी वर्गात मोजत आले आहे."

ती घरी आली ती सरळ गिरणीत गेली. मी तिथे सासूसाठी कण्या घ्यायला आले होते. मामूरजान चाळण हलवत होता.

"दादा, तो विजेचा अर्ज होता ना?"

त्याने चाळण थांबवली नाही. ती पुढे झाली आणि तिने गिरणीचं बटण बंद केलं. एवढी शांतता त्या जागेत मी कधी ऐकली नव्हती.

"एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे गं," तो म्हणाला. "आधी संसार बघ, त्या घरची हो. मग पुढचं पुढे."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलंच नाहीत?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना! वीस वर्षांची झालीस. लोक काय काय बोलतात, ते तुझ्या कानावर येत नाही, माझ्या येतं."

तुर्सुनॉय दारात येऊन उभी राहिली होती. ओयदिनने तिच्याकडे वळून विचारलं, "ओयी, तुला माहीत होतं?"

तुर्सुनॉय खाली बसली आणि सुपातल्या तांदळातले खडे वेचू लागली. त्या तांदळात एकही खडा नव्हता, तो चाळून झालेला होता. ती म्हणाली, "नान मोडली आहे पोरी. आता ती जोडता येते का? आम्ही काय तुला विहिरीत ढकलतोय?"

ओयदिन रडली नाही. तिने पोत्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, ओंजळीत घेतल्या आणि घरात निघून गेली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. मी नजर चुकवली.

ती का चुकवली, ते आता सांगितलंच पाहिजे. जानेवारीत नान मोडून झाल्यावर मी पाहुण्यांचे जोडे घेऊन फाटकापाशी गेले होते. तिथे राबिया मामूरजानला म्हणत होती, "चारचौघांत बोलायचं ते बोलले हो, पोरीचं मन राखायला. पण रोज व्हॅनमध्ये बसून ओशला जाणारी सून आमच्याकडे चालायची नाही. पाळणा हलला, की कॉलेज आपोआप विसरेल." आणि मामूरजान जमिनीकडे बघत म्हणाला, "ते माझ्यावर सोडा." राबियाने मला पाहिलं, हसली आणि विचारलं, "काय सोजिदा, खरं ना?" मी काहीच बोलले नाही. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. म्हणजे त्या पोरीला फसवणारी माणसं तीन नव्हती, चार होती.

गुरुवारी आणि शुक्रवारी ओयदिन एक अक्षर बोलली नाही. मेंदी लावून घेतली, कपडे बेतून घेतले, जेवायला हाक मारली तर दोन घास खाल्ले. तुर्सुनॉय सगळ्यांना सांगत होती, "शहाणी आहे माझी लेक. गप्प झाली, म्हणजे मानलं तिने."

शनिवारी सकाळी दहा वाजता इमाम आले. दोनशे माणसांचा पलाव अंगणात शिजत होता. पुरुष बाहेरच्या खोलीत, आम्ही बायका आतल्या खोलीत पडद्यामागे. मी ओयदिनच्या उजव्या हाताला बसले होते. सरकारदरबारी नोंद नंतर सावकाश करू, असं ठरलं होतं. आमच्यात ती अशीच सावकाश असते, आणि कित्येकींच्या बाबतीत तर कधीच होत नाही. मग एखादीला घराबाहेर काढलं, की कळतं की कागदावर ती कुणाची कुणीच नव्हती.

आता आमची रीत सांगते, कारण यात मीच मुरलेली आहे. नवरीच्या वतीने हो म्हणायला एक वडीलधारा वकील असतो. तो दोन साक्षीदार घेऊन दाराशी येतो आणि नवरीला तीनदा विचारतो, मला तुझा वकील केलंस का? मुलगी लाजून गप्प बसते. तिसऱ्या वेळेला यांगा तिचं मनगट दोन बोटांनी दाबते, मुलगी दचकून हुं करते किंवा नुसता श्वास सोडते, आणि आम्ही बायका एका सुरात ओरडतो, "केला, केला!" साक्षीदार खूश होऊन जातात. एवढंच काय ते विचारणं. जन्मभराचा सौदा माझ्या दोन बोटांवर.

वकील म्हणून ओयदिनचा नोसिर मामा दाराशी आला. त्याने घसा साफ केला. "मामूरजानची मुलगी ओयदिन, जावलोनशी तुझा निकाह लावण्यासाठी मला तुझा वकील केलंस का?"

ती गप्प. बायका खुसुखुसु हसल्या. "लाजतेय!"

मामाने दुसऱ्यांदा विचारलं. ती गप्पच. कुणीतरी म्हणालं, "विचारा, विचारा, तिसऱ्याला सांगेल."

तिसऱ्यांदा विचारलं. मी सवयीने तिचं मनगट दाबलं. तिने हात हिसकून घेतला.

"नाही."

"अगं मोठ्याने बोल, साक्षीदारांना ऐकू जात नाही," मागून एक म्हातारी म्हणाली. तिला वाटलं, केला म्हणाली.

ओयदिन उभी राहिली. पडदा स्वतःच्या हाताने बाजूला केला. "नाही म्हणाले, मामा. मी तुम्हाला वकील केलेलं नाही. माझ्या वतीने कुणी हो म्हणायचं नाही. तुम्ही नाही, दादा नाहीत, सोजिदा ओपाही नाहीत."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! राबिया बाहेरून धावत आली. "हेच शिकवतात होय कॉलेजात? मोडलेल्या नानेवर थुंकायला? बघतेच आता हिला कोण उभं करतं दारात!" जावलोन तिच्या मागोमाग आला, हातात टोपी धरून. तो म्हणाला, "आई, तू तर म्हणालीस, कॉलेज तिनेच सोडलंय." राबियाने त्याला गप्प बस म्हणून दटावलं आणि तो बिचारा गप्प बसला.

नोसिर मामा इमामांकडे गेला. "लहान आहे हो, घाबरली आहे. पुन्हा एकदा विचारतो."

इमाम म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी किताब मिटली. "तीनदा विचारलंत. आजवर मी दाराबाहेर बसून बायकांचाच आवाज ऐकत आलो. आज पहिल्यांदा मुलीचा ऐकला. ती नाही म्हणाली, तर निकाह नाही. मला जोडे द्या."

पलाव मात्र सगळ्यांनी खाल्ला. आमच्याकडे काहीही होवो, शिजलेला पलाव वाया जात नाही. माना खाली घालून खाल्ला, तोंड पुसलं आणि फाटकाबाहेर पडताच बोलायला सुरुवात केली.

रविवारी त्या घराकडे कुणी फिरकलं नाही. गिरणी बंद होती. सोमवारी सकाळी मी दार उघडलं, तर ओयदिन पिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडत होती. मामूरजान अंगणात उभा होता. ती थांबली. "दादा, ओशला जाते. अर्ज मागे घ्यायचा आहे." त्याने तोंड फिरवलं आणि रिकाम्या चाळणीवरचा भुसा झटकू लागला. ती जरा वेळ वाट बघत राहिली. मला वाटतं, तिला अजूनही आशा होती की तो विचारेल, आजचा शब्द काय. त्याने विचारलं नाही.

मी तिच्यासोबत थांब्यापर्यंत गेले. व्हॅन आली, तेव्हा तिने विचारलं, "ओपा, ओयीने काल मला सगळं सांगितलं. नान मोडली त्या दिवशी फाटकापाशी तुम्ही होतात ना? जोडे घेऊन?"

"होते."

"मग तुम्हाला माहीत होतं."

मी तिची पिशवी उचलून व्हॅनमध्ये ठेवली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादांचं मला कळतं. ते घाबरले. पण तुम्हाला तर कुणाची भीती नव्हती." व्हॅनचं दार लागलं आणि ती गेली. यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

जूनमध्ये या गल्लीत आणखी एक निकाह आहे. काल मला यांगा म्हणून बोलावणं आलं. मी सांगितलं, येईन, पण मुलगी स्वतःच्या तोंडाने बोलली नाही, तर मी दारापाशी जाऊन साक्षीदारांना सांगेन की ती बोललेली नाही. त्यांनी दुसरी यांगा बघायला घेतली आहे. बघू देत. मी न बोलावताही जाणार आहे.

आणि काल दुपारी मी जलालाबादला माझ्या लेकीला, नफीसाला, फोन केला. नऊ वर्षांपूर्वी तिच्या निकाहच्या वेळी यांगा मीच होते.

"नफीसा, त्या दिवशी मी तुझा हात दाबला होता," मी म्हणाले. "तुला काही बोलायचं होतं का गं?"

पलीकडे भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली. तिच्या धाकट्याचा रडण्याचा आवाज आला, तोही थांबला. ती काहीच बोलली नाही.

नऊ वर्षांपूर्वी ती अशीच गप्प होती, आणि मी "केला, केला" म्हणून ओरडले होते. काल मी ओरडले नाही. फोन कानाला धरून तिच्या उत्तराची वाट बघत बसून राहिले.